इतिहास लिहिते, वाचते: खानापूरच्या माडीवरून

श्रावण लागला की आमच्या घरी पोथी लागायची. आज्जीची नजर अधू झाली तेव्हा मी सातवीत होते. पाटावर बसून पोथी वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि मी आपली भराभर वाचत सुटायचे. आज्जी डोळे मिटूनच म्हणायची, "ओवी मोडू नको गे, जरा दम खा की." ओवीचा चौथा चरण तोकडा असतो, तिथे आवाज खाली आणायचा आणि पुढच्या ओवीआधी श्वास घ्यायचा, हे तिनं शिकवलं. आजही माईकसमोर माझा श्वास तिथेच पडतो.

गेली बारा वर्षं मी सामान्य वाचकांसाठी इतिहास लिहिते आणि आवाजाची कामं करते. आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातली मुलं विचारतात, "मॅडम, यात शिरायचं तर पुण्याला जाऊन राहावं लागतंय काय?" राहावं लागत नाही. जुने कागद बघायला पुणे-कोल्हापूरच्या दफ्तरखान्यांत खेपा घालाव्या लागतात, तेवढंच. उलट इथे जन्मलेल्या माणसाच्या हातात एक गोष्ट आयती असते, ती म्हणजे दोन भाषा. ती आपली कमाई आहे हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते बेळवडीमुळे. बैलहोंगल तालुक्यातल्या या गावानं दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेला १६७८ च्या सुरुवातीला अडवून धरलं होतं. गढी लढवणारी एक देसाईण होती. राजापूरच्या इंग्रजांनी त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रातही या बाईचा उल्लेख आहे, पण नाव नाही. मराठी साधनांत ती सावित्री. मी माझा पहिला मोठा लेख तेवढ्यावरच लिहिला आणि नंतर तो ध्वनिमुद्रितही केला. मग एकदा बेळवडीलाच जाणं झालं. तिथल्या एका म्हातारीला मी सावित्रीबाईंची जागा विचारली, तर तिला कोण ते कळेचना. मी कन्नडमधून लढाईची हकिकत सांगायला लागले, तेव्हा तिचा चेहरा उजळला. "मल्लम्मा!" ती म्हणाली आणि माझं मनगट धरून चालायला लागली. ज्या बाईवर मी वीस पानं लिहिली होती, तिचं तिच्या गावातलं नाव मला घेता आलं नव्हतं. धारवाडजवळच्या यादवाडला महाराजांचं एक दगडी शिल्प आहे. ते मल्लम्मानं कोरवून घेतलं असं तिथले लोक सांगतात. तेही मी त्यानंतरच पाहिलं. लेख पुन्हा लिहिला, पुन्हा वाचला. आता सुरुवातीलाच दोन्ही नावं येतात आणि कुठलं नाव कुठून आलं तेही येतं.

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं असं की मोडी शिका आणि कन्नड वाचायलाही शिका. बोलता येतं तेवढ्यावर भागवू नका. मोडी रोज तासभर दिली तर काही महिन्यांत डोळ्याला बसते. खरी अडचण तारखांची. जुन्या पत्रात "समान सबैन अलफ" दिसलं की नवखा माणूस घाबरतो. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, अलफ हजार. सन झाला १०७८. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची वर्षगणना. तो मृगाला बदलतो, म्हणून इंग्रजी साल काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांना ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ६०० मिळवायचे. बेळवडीचा वेढा याच सनातला. हे गणित बोटांवर आलं की कागद बोलायला लागतात. बेळगाव जिल्ह्याचं १८८४ चं इंग्रजी गॅझेटियरही हाताशी ठेवा, पण त्यातली गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चारू नका. मी गोकाकजवळच्या कोण्णूरला एका मालिकेत सगळीकडे "कोन्नूर" म्हटलं होतं. तिथल्या एका शिक्षकांनी फार सौम्य शब्दांत कळवलं. मी सगळे भाग काढून पुन्हा वाचले. आता गावाचं नाव त्या गावच्या माणसाच्या तोंडून फोनवर ऐकल्याशिवाय मी माईक चालू करत नाही.

मराठीचंही तेच. "जरा थांब" मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा लिहायला सारखे, बोलायला वेगळे. चाकण, जावळी ही नावं दातांजवळ जीभ नेऊन म्हणायची. कन्नडमध्ये च आणि ज तालव्यच, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हणायचे, त्यामुळे कन्नड शाळेतून आलेल्या आपल्या मुलांची इथे गफलत होते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पंधरा दिवस मोठ्यानं वाचलं की जीभ वळते. पण "करायलास", "होय की" ही आपली बोली पुसून टाकू नका. पात्रांच्या संवादात ती सोन्यासारखी चालते.

लिहिणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मी सगळ्यात जास्त घोटवून घेते. बेळगावच्या कमलबस्ती या जैन मंदिराबद्दल कागदावर मी असं लिहिलं होतं: "रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने इ.स. १२०४ मध्ये बांधलेली बेळगाव किल्ल्यातील कमलबस्ती ही छतावरील कमळामुळे प्रसिद्ध आहे." वाचताना ऐकणारा पहिल्या तीन नावांतच हरवतो. आवाजासाठी तेच असं झालं: "बेळगावच्या किल्ल्यात शिरा. कमलबस्तीच्या मंडपात उभं राहून मान वर करा. वर दगडी कमळ आहे. आठशे वर्षं झाली त्याला. बीचिराज नावाच्या मंत्र्यानं ही बस्ती बांधली, बाराशे चार साली. त्याचा राजा होता रट्ट घराण्यातला चौथा कार्तवीर्य." आधी जागा, मग वस्तू, मग माणूस. आकडे अक्षरांत लिहून घ्यायचे. "त्यांनी", "त्यांच्या" अशी सर्वनामं दोनदा आली की तिसऱ्यांदा नाव घ्यायचं, कारण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही.

खोलीबद्दल फार विचारतात. माझी खोली म्हणजे माडीवरचं कपाट आणि भिंतींना टांगलेल्या आईच्या चार गोधड्या. माईक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे "प", "फ", "भ" चा वारा थेट त्यावर आदळत नाही. प्रत्येक बैठकीच्या आधी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करते. पुढे तुकडे जोडताना ती लागते. पंखा बंद, फ्रीज बंद. पहाटे चार ते सहा हा माझा वेळ, पहिली एसटी स्टँडवरून निघेपर्यंत. पावसाळ्यात मात्र काम थांबतं. खानापूरचा पाऊस कौलांवर पडायला लागला की कुठलीही गोधडी पुरत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर मी वाचते, लिहिते, नोंदी काढते, आणि दिवाळीनंतर आवाजाचं काम घेते. हे वेळापत्रक ठरायला दोन पावसाळे वाया गेले.

पैशाचं स्पष्ट सांगते. माझं पहिलं काम गावच्या लक्ष्मी जत्रेसाठी रिक्षावरून फिरवायच्या पुकाऱ्याचं होतं, मराठीत आणि कन्नडमध्ये, ३०० रुपये. पहिल्या पूर्ण पुस्तकाचे पैसे मात्र कधीच आले नाहीत. काम तोंडी ठरलं होतं, मागायला हातात कागद नव्हता. तेव्हापासून दर तयार ध्वनिमुद्रणाच्या तासावर ठरवते आणि लिहून घेते: दुरुस्त्या किती वेळा, आवाज कुठे आणि किती वर्षं वापरणार, निम्मे पैसे आधी. तयार एका तासामागे माझे चार-पाच तास जातात, तेही त्यात धरा. पहिली तीन वर्षं मी शाळेतली नोकरी सोडली नव्हती आणि तुम्हीही सोडू नका.

सुरुवात आपल्या गावच्या वीरगळापासून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीच्या दगडापासून करा. देवळामागे, तळ्याच्या काठी एखादा असतोच. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. दगडासमोर उभं राहून बघा, गावात विचारा, आणि पाच मिनिटांचं लिहून मोबाइलवर वाचा. मग घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला ऐकवा आणि तुम्ही कागद घेऊन शेजारी बसा. जिथे ते "काय म्हणालीस?" म्हणून विचारतील, तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि ते वाक्य पुन्हा लिहा.