एकाच व्हॉल्व्हवर दोन वाण? कोरडवाहू फळबागेत या चुका टाळा

सांगोला, आटपाडी, जत पट्ट्यातल्या मुरमाड जमिनीत डाळिंब चांगलं येतं. तरीही एकाच बागेत काही झाडं फळांनी लगडतात आणि काही मागे राहतात. दोष रोपवाटिकेला किंवा खताला दिला जातो. मी बघितलेल्या बहुतेक बागांत खरी चूक वेगळीच होती: वेगवेगळ्या वाणांना एकाच वेळापत्रकात बसवलेलं.

आमच्याच बागेत आरक्ता आणि भगवा हे डाळिंबाचे दोन वाण ठिबकच्या एकाच व्हॉल्व्हवर होते. दोन्हींना ताण (कळी निघण्याआधी पाणी तोडणं) एकदम दिला, पानगळ एकदम केली, कळीही जवळपास बरोबरच निघाली. त्यामुळे सगळं सुरळीत आहे असं वाटलं. पण भगव्याला फुलापासून तोडणीपर्यंत साधारण सहा महिने लागतात आणि आरक्ता त्याच्या महिनाभर तरी आधी तयार होतो. आरक्ता उतरला, बागेला विश्रांती म्हणून पाणी कमी केलं. भगव्याची फळं तेव्हा भरत होती. चूक लक्षात आल्यावर पाणी वाढवलं आणि आठवड्यात फळं तडकायला लागली. आधी कोरड, मग एकदम ओल, हे सालीला सोसत नाही. त्या वर्षी आम्ही ठिबकच्या लाइनी वेगळ्या केल्या. लागवडीतच तसं केलं असतं तर खर्च किरकोळ होता.

दुसरी चूक तोडणीची. साल रंगली म्हणजे फळ तयार, हा अंदाज भगव्यात फसतो. फूल धरल्याची तारीख लिहून ठेवा, आणि फळाच्या टोकाची पाकळी आत मिटली का, फळाच्या बाजू थोड्या चपट्या झाल्या का, ते बघा.

फुलगळ दिसली की लगेच फवारणीचा पंप उचलू नका. डाळिंबाला नर फुलं येतातच: बुडाशी निमुळती, घंटेसारखी. ती गळणारच. बूड फुगीर, कलशासारखं असलेली फुलं गळायला लागली तर मात्र पाणी आणि किडी तपासा. हस्त बहरात (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्यात) कळी कमी निघाली तर वाणाला नावं ठेवण्याआधी ताण खरंच बसला होता का ते आठवा. परतीच्या पावसाने जमिनीत ओल राहिली की झाड विसावत नाही.

सीताफळाची गोष्ट निराळी. उन्हाळ्यात उघडंबोडकं झाड बघून वाळलं म्हणून तोडायला निघालेले लोक मला भेटले आहेत. ते झाड पानं झाडून थांबलेलं असतं, फांदीची साल नखाने खरवडा, आत हिरवी दिसेल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतली बरीच फुलं गळतात, हवा दमट झाली की फळधारणा सुधारते. बाळानगर वाणाला आपसूक फळ धरतं, पण बंगळुरूच्या अर्का सहान वाणाला हाताने परागीकरण केल्याशिवाय चांगलं फळ धरत नाही. मजूर मिळणार नसतील तर मोठ्या क्षेत्रावर तो लावू नका.

बोरीला, मग वाण उमरान असो वा कडाका, छाटणी चुकवू नका. फूल त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतं. एप्रिलअखेर ते मे महिन्यात छाटली नाही तर काटेरी जाळी वाढते आणि बोरं बारीक राहतात.