लावणीच्या दिवसांत खाचरात दिवड दिसली तर

पहिल्या जोरदार सरींनंतर चढणीचे मासे ओढ्यातून वर येतात, खाचरांत बेडूक ओरडू लागतात आणि त्यांच्या मागोमाग दिवडही शेतात येते. कोकणात, मावळात भातलावणी करताना ज्या सापाशी वारंवार गाठ पडते, त्यांपैकी ही एक. पाणदिवड, विरोळा ही तिचीच नावे. ती बिनविषारी आहे, तरी दर पावसाळ्यात बांधावर काठीने ठेचली जाते. हे थांबायला हवे.

तिचा स्वभावच तिच्या जिवावर उठतो. डिवचली की डोके उचलते, मान चपटी करते, आणि बघणाऱ्याला नाग वाटते. धरायला गेलात तर चावतेच. निसरडा मासा सुटू नये म्हणून तिचे दात अणकुचीदार आणि आत वळलेले असतात; त्यामुळे जखमेतून रक्त येते आणि माणूस हबकतो.

पिवळसर किंवा शेवाळी अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके ही तिची खूण, पण रंग इतका बदलतो की तेवढ्यावर विसंबू नका. डोळ्याखालून ओठाकडे आणि डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेघा पाहा. पोट पांढरट, लांबी बहुधा तीन फुटांच्या आसपास. विषारी घोणस मात्र जाड असते, डोके त्रिकोणी, पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि फुत्कार मोठा. खाडीलगतच्या खाजणात किंवा जाळ्यात वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा साप आला तर तो समुद्रसाप, म्हणजे विषारी. त्याला हात लावू नका.

ओळख पटवण्यासाठी जवळ जायचे मात्र कारण नाही. चार हात लांब उभे राहा, वाट मोकळी ठेवा. दिवड आपण होऊन पाण्यात शिरते. आवण (भाताची रोपे) उपटताना, पेंढ्या उचलताना आधी काठीने हलवा. रात्री पाणी फिरवायला किंवा मासे धरायला जाताना बॅटरी आणि गमबूट हवेतच.

साप चावला आणि तो कोणता याची जराही शंका असेल, तर दिवडच असेल म्हणून घरी थांबू नका. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही. चावलेला अवयव हलवू नका, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. 108 ला फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. दिवडच चावली हे नक्की असेल तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

दिवड उंदरांचा फडशा पाडते असे सांगून तिची बाजू घेणे मला पटत नाही. ते काम धामणीचे. दिवड मुख्यतः मासे, बेडूक आणि त्यांची पिल्ले खाते, उंदीर क्वचित. पण पाणथळ शेतातला तिचा वाटा जुना आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तिला मारणे गुन्हा आहे.

मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यावर ती डल्ला मारू शकते, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी काठावरचे गवत कापा, दगडांचे ढीग हटवा, बिळे बुजवा. संगोपनाच्या छोट्या टाक्यांभोवती गुळगुळीत पत्रा उभा करा. नायलॉनची बारीक जाळी नको, त्यात साप अडकून मरतात. पाण्यात रात्रभर लावलेल्या जाळ्यातही दिवड गुदमरते, कारण तिला श्वासासाठी वर यावेच लागते. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पडलेला साप निसरड्या उतारावरून बाहेर येऊ शकत नाही. गाठी मारलेला जाड काथ्याचा दोर किंवा गोणपाटाची पट्टी काठावर पक्की बांधून पाण्यात सोडून ठेवा. बेडकांनाही त्याचा उपयोग होतो.

साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये मादी बांधातल्या बिळात अंडी घालते, कित्येकदा तीस-चाळीस, आणि त्यांच्याजवळच थांबते. उन्हाळी बांधबंदिस्तीत असे बीळ उघडे पडले तर माती हलकेच परत लोटा आणि तेवढा तुकडा पिल्ले बाहेर पडेपर्यंत राहू द्या.