तांब्याचा डोस घालण्यापूर्वी टाकीतले पाणी मोजा

खाऱ्या पाण्यातील माशांवर परजीवीमुळे येणारे पांढरे ठिपके दिसले, की तांब्याचे औषध मुख्य टाकीत ओतण्याचा मोह आवरावा. कोळंबी, शंखवर्गीय जीव आणि प्रवाळ त्याने दगावतात, शिवाय जिवंत खडक (सूक्ष्मजीव वसलेले सच्छिद्र दगड) व प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेत असल्याने मात्रा स्थिर राहत नाही. उपचार नेहमी रिकाम्या तळाच्या वेगळ्या टाकीत, फिल्टरमधील कार्बन काढूनच करावा.

६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीचे गणिती आकारमान ५४ लिटर असले, तरी प्रत्यक्ष पाणी त्याहून कमी असते. म्हणून भरतानाच ते मापाने मोजावे. आयनिक (पाण्यात मुक्त असलेल्या) तांब्याची प्रचलित मात्रा लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तर चिलेटेड (दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेल्या) तांब्याची साधारण १.५ ते २ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास दहापट आहे. त्यामुळे बाटलीवरील प्रकार वाचल्याशिवाय आणि त्याच प्रकाराचे तांबे मोजणारे चाचणी किट हाती असल्याशिवाय थेंबही घालू नये. ही मात्रा दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने गाठावी व रोज तपासावी.

पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवन झपाट्याने होते. पाणी उडते, तांबे आणि मीठ मात्र मागे राहून तीव्रता वाढते. ही तूट औषध न घातलेल्या, गोड्या आरओ पाण्यानेच भरावी. पाणी बदलताना मात्र नव्या खाऱ्या पाण्यात टाकीइतकेच तांबे आधी मिसळावे. तांबे फक्त पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेतील परजीवी मारते, त्यामुळे ठिपके गेले म्हणून उपचार मध्येच थांबवू नये.