ऑर्किडची पानं पिवळी पडताहेत? पाणी वाढवण्याआधी या चुका टाळा

वास्तुशांतीला आम्हाला एक जांभळं ऑर्किड भेट आलं. फुलं चांगली अडीच महिने टिकली. ती गळाली आणि पाठोपाठ सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं. मला वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून दिवसाआड घालायला लागले. दुसरं पान मऊ पडून सुरकुतलं, तसं आणखी वाढवलं. सासूबाईही रोज सकाळी अर्धा पेला ओतत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी चिनीमातीच्या देखण्या कुंडीतून आतली प्लास्टिकची कुंडी उचलली, तर तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं आणि गटारासारखा वास. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात तसंच झालं, फक्त आम्ही सगळी पखालच म्हशीवर ओतली होती.

आपल्याकडे भेट म्हणून येणारं ऑर्किड बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असतं: रुंद मांसल पानं आणि पतंगासारखी फुलं. आपल्या सह्याद्रीतली आमरी जशी झाडांच्या खोडांवर वाढते, तसंच हेही मूळचं झाडावर राहणारं. मुळं उघड्यावर, पाऊस आला की भिजणार, वारा लागला की सुकणार. मुळांभोवती स्पंजसारखं पांढरट आवरण असतं, ते पाणी शोषून घेतं. ओलं असताना मूळ हिरवं दिसतं, सुकलं की रुपेरी. अशा मुळांना आठवडाभर ओल्या लगद्यात कोंडलं की ती गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे कुंडीत पाणी असूनही झाड तहानलेलं राहतं. म्हणूनच जास्त पाण्याने मरणारं ऑर्किड आणि पाण्याविना मरणारं ऑर्किड वरून अगदी सारखंच दिसतं, आणि आपण नेमकं उलटं औषध देतो.

घाबरण्याआधी: कुठलं पान पिवळं पडलंय?

फक्त सगळ्यात खालचं एक पान सावकाश पिवळं होतंय आणि वरची पानं टणक असतील, तर ते पान म्हातारं झालंय, बाकी काही नाही. ते कापूही नका. झाड त्यातलं अन्न काढून घेतं आणि मग पान आपोआप गळतं. एकामागून एक दोन-तीन पानं पिवळी, लुळी पडत असतील तर मुळांची तपासणी करायची. उन्हाच्या बाजूला पांढुरका-पिवळा चट्टा पडून नंतर तपकिरी झाला, तर ऊन लागलंय. तो डाग जात नाही, पण पसरतही नाही. कुंडी फक्त मागे सरकवा. आणि अगदी मधलं, शेंड्याचं कोवळं पान बुडापासून पिवळं-काळं होऊन हातात आलं, तर पानांच्या बेचक्यात पाणी साचून शेंडा कुजलाय. यातून झाड क्वचितच वाचतं. झाडावर वरून शॉवरसारखं पाणी घालायची हौस असेल, तर ती इथे अंगाशी येते.

कुंडीतून काढायला भिऊ नका

बरेच जण ‘आजारी आहे, आता धक्का नको’ म्हणून महिनाभर नुसतं बघत बसतात. तोवर कूज वर चढते. झाड काढा, मुळांवरचा जुना लगदा कोमट पाण्याखाली बोटांनी सोडवा. बरोबर मधोमध मॉस (वाळवलेलं शेवाळ) किंवा काथ्याची एक घट्ट गुंडाळी सापडेल, रोप लहान असताना नर्सरीत घातलेली. बाहेरचे, मातीऐवजी भरलेले सालीचे तुकडे कोरडे ठणठणीत आणि ही गुंडाळी चिंब, असं हमखास असतं. आमच्या कुंडीत कूज तिथूनच सुरू झाली होती.

आता कात्री चालवण्यातली चूक. रंग बघून मुळं कापू नका. कुंडीच्या आत उजेड नसतो, त्यामुळे निरोगी मूळही पिवळट किंवा तपकिरी दिसतं. प्रत्येक मूळ दोन बोटांत दाबा. टणक लागलं तर ठेवा, रंग कसाही असो. पिचपिचीत असेल, किंवा वरचं आवरण बोटात येऊन आत नुसता दोरा उरत असेल, तर कापा. कात्री आधी स्पिरिटने पुसून घ्या. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावतात. लावा, पण चिमटीभर आणि फक्त जखमेवर. चांगल्या मुळांवर सांडली तर ती त्यांनाही सुकवते. मी पहिल्यांदा पुरणपोळीवर पिठी भुरभुरावी तशी भुरभुरली होती, आणि दोन चांगली मुळं घालवली.

त्यानंतर रात्रभर झाड तसंच उघडं सुकू द्या. फुलाचा दांडा हिरवा असला तरी कापा. जीव तुटतो, पण मुळं नसलेल्या झाडाला फुलाचा खर्च परवडत नाही.

मोठी कुंडी आणि माती

नर्सरीतून आणलेली लाल माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही नको. पाइनच्या सालीचे तुकडे रात्रभर भिजवून घ्या, त्यात थोडा लाकडी कोळसा, बस. कुंडी उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढीच, शक्यतो पारदर्शक आणि भरपूर भोकांची. मुळं दोन-तीनच उरली असतील तर ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस त्यांच्याभोवती सैल गुंडाळा आणि झाड सावलीत, दमट जागी ठेवा.

नवीन मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत खत नाही. चहाचा चोथा, ताक, तांदळाचं धुवण, कांद्याच्या सालीचं पाणी, यातलंही काही नाही. ते सगळं सालीत आंबतं आणि चिलटं येतात. मुळं धरली की १९:१९:१९ चं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा पुरतं.

पाणी कधी?

‘आठवड्यातून एकदा’ हे उत्तर आपल्या हवेत चालत नाही. मुंबईच्या जुलैमध्ये घरातली कुंडी दहा दिवसही ओली राहील, पुण्याच्या एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी सुकेल. मुळं रुपेरी दिसली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की सकाळी भरपूर पाणी घाला, पूर्ण निथळू द्या, मगच शोभेच्या कुंडीत ठेवा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर सालीवर पांढरे क्षार जमतात. पावसाचं पाणी साठवलंत तर उत्तम.

उजेडासाठी पूर्वेची खिडकी. पानावर हात धरल्यावर सावली पुसट पडली पाहिजे. ठळक पडली तर ऊन जास्त आहे.

एक वेगळी गोष्ट: तुमच्याकडे उसासारख्या कांड्यांचं डेंड्रोबियम हे ऑर्किड असेल, तर जुन्या कांडीची पानं पिवळी होऊन झडणं बऱ्याच जातींत नेहमीचंच. शेजारच्या काकूंनी तसली बोडकी कांडी कचऱ्यात टाकली होती. मी उचलून आणली, पुढच्या वर्षी तिच्यावरच फुलं आली.

आमच्या फॅलेनॉप्सिसची तीन पानं गेली, दोन उरली, तीही सुरकुतलेलीच आहेत आणि तशीच राहतील. नवं मूळ दिसायला नऊ आठवडे लागले. कुंडीच्या कडेला आता मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘आई, पाणी मी घालते.’

खाली सासूबाईंचं अक्षर: ‘बरं. पण घालतेस ना?’