यादीत स्वल्पविराम देताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात किराण्याच्या दुकानात फोनवरून यादी पाठवली: ‘साखर चहा मसाला तांदूळ’. घरी चहा मसाल्याची डबी आली. चहा पावडर नाही, गोडा मसाला नाही. दुकानदाराने लिहिलं होतं तसंच वाचलं. ‘चहा, मसाला’ एवढी एक खूण राहिली होती. जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा सलग लिहायचे. मराठीत विरामचिन्हं रूढ केली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी. मिळालेली सोय फोनवर लिहिताना सोडू नये.

स्वल्पविराम देऊनही यादी फसते, आणि ते बहुतेक वेळा प्रत्ययामुळे. ‘आंबे, फणस आणि काजूचे भाव’ वाचताना आधी आंबे दिसतात, मग फणस, आणि भाव फक्त काजूचे. ‘आंब्याचे, फणसाचे आणि काजूचे भाव’ असं लिहा. जरा लांबतं, पण अडखळायला होत नाही.

विशेषणाचंही तसंच. ‘जुनी पुस्तके, वह्या आणि दप्तरे द्या’ या आवाहनात वह्या जुन्या चालतील की कोऱ्या हव्यात? व्याकरणाने पाहिलं तर ‘जुनी’ वह्यांना लागत नाही, तिथे ‘जुन्या’ हवं. पण घाईत वाचणारा लिंग-वचन तपासत बसत नाही. ‘वह्या, दप्तरे आणि जुनी पुस्तके’ असा क्रम लावला की प्रश्नच उरत नाही.

पत्त्यांच्या यादीत प्रत्येक पत्त्यात स्वल्पविराम असतोच, म्हणून दोन पत्त्यांच्या मध्ये अर्धविराम द्या: ‘ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे; मेणवली, ता. वाई, जि. सातारा’. वर्गणीच्या आकड्यांचंही हेच. ‘१,२००, ५००, १,०००’ वाचताना डोळा चुकतो, ‘१,२००; ५००; १,०००’ चटकन कळतं.

‘आणि’च्या आधी मराठीत सहसा स्वल्पविराम लागत नाही. जोडीने येणारे पदार्थ मात्र संयोगचिन्हाने बांधा: ‘भाजी-भाकरी, वरण-भात आणि ताक’. नाहीतर ‘भाजी, भाकरी, वरण, भात आणि ताक’ वाचून आचारी पाच पदार्थ धरेल की तीन, सांगता येत नाही.

फोनवर लिहिताना स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडू नका. ओळ तिथेच तुटली तर तो एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. जागा सोडायची ती नंतर, एकच.