एमएस्सीला माती घेताय? आधी खड्डा खणा

मी पेडण्याची. एमएस्सीला मृदाशास्त्र घेतलं आणि विषय मिळाला जिरायती गहू, तोही सोलापूरकडच्या काळ्या जमिनीतला. आपल्याकडे ३००० मिमीच्या आसपास पाऊस, जांभ्याची तांबडी आंबट माती, शेतात उभा गहू मी पहिल्यांदा तिकडेच बघितला. आता गोव्यातली दोघं-तिघं असाच विषय घेतायत म्हणून लिहिते.

आपले अळसांदे आठवा. भात कापल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावरच येतात ना? जिरायती गहू तसाच, ऑक्टोबरच्या शेवटी पेरला की पुढे पावसाचा भरवसा नाही, मातीने जेवढं पाणी धरलंय तेवढ्यावरच दाणा भरायचा. त्यामुळे पहिला प्रश्न एनपीकेचा, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश या खतांचा, नाहीच, माती किती खोल आहे हा आहे.

हिशोब करून बघा. समजा फील्ड कपॅसिटीला, म्हणजे जादा पाणी निथळून गेल्यावर, मातीत वजनाने ओल ४० टक्के, विल्टिंग पॉइंटला, म्हणजे पीक सुकून माना टाकतं तेव्हा, २२, म्हणजे पिकाला मिळणारी १८ टक्के, आणि बल्क डेन्सिटी, म्हणजे एक घन सेंमी मातीचं कोरडं वजन, १.२ ग्रॅम. या दोन्हींना खोलीने गुणायचं. माती ९० सेंमी खोल असेल तर साधारण १९४ मिमी पाणी, पण ३० सेंमीवरच मुरूम लागला तर फक्त ६५. बांधाच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक असू शकतो आणि वरून दोन्ही शेतं सारखीच काळी दिसतात! म्हणून आधी खड्डा खणून बघा.

इथेच माझा एक सीझन गेला. बल्क डेन्सिटीचे नमुने मी उन्हाळ्यात घेतले, भेगा पडलेल्या जमिनीतनं. ही माती सुकली की आकसते, ढेकूळ घट्ट होतं, आकडा वाढतो आणि कागदावर पाणी भलतंच जास्त दिसतं. नमुना जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओली, असतानाच घ्या.

माती खोल असूनही पीक मार खातं ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत. सोडियममुळे कण विस्कटतात, पाणी खाली मुरत नाही, मुळं वरच अडकतात, म्हणून ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा किती टक्के तो आकडा, १५ च्या वर आहे का ते तपासाच.

खताचंही ओलीशीच नातं आहे, वरचा थर सुकला की त्यातलं खत मुळांना लागत नाही, म्हणून तिकडचे शेतकरी दोन चाड्याच्या पाभरीने, म्हणजे बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने, खत बियाण्याच्या खाली पेरतात. मला हे पुस्तकातनं नाही, एका आजोबांनी पाभर हातात देऊन शिकवलं.

ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट, घेऊन पेरणीला आणि कापणीला दर १५ सेंमीच्या थराची ओल मोजा, आणि नमुना डब्यात घातल्या घातल्या झाकण लावून वजन करा, तिकडच्या कोरड्या वाऱ्यात ओल लगेच उडते.