नॅनोट्यूबवर पॉलिमर चढवताय? या चुका टाळा

दरवर्षी पावसाळ्यात नवी मुलं लॅबमध्ये येतात आणि दिवाळीच्या आत कुणीतरी एक बाटली घेऊन धावत येतं. "सर, झालं! बघा ना, कसं काळंभोर झालंय, खाली काहीच बसत नाही." मी बाटली उजेडात धरतो आणि विचारतो, "धुतलंस का?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. हा लेख त्या मुलांसाठी आहे.

मुळात पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू, का लागतो, ते आधी सांगतो. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, एकेकट्या राहत नाहीत, जुडगे करून राहतात. दोन सिंगल-वॉल (एकाच भिंतीच्या) ट्यूब शेजारीशेजारी चिकटल्या की संपर्काच्या दर मायक्रोमीटर लांबीमागे साधारण ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा त्यांना धरून ठेवते. हलवून, ढवळून हे सुटत नाही. म्हणून मध्ये पॉलिमर घालायचा. तो ट्यूबभोवती नुसता गुंडाळता येतो किंवा भिंतीला रासायनिक बंधाने जोडता येतो. यातलं काय हवं आहे ते पहिल्या दिवशी ठरवा, कारण दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या आहेत. २००१ साली राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने पीव्हीपी आणि पीएसएस हे पाण्यात विरघळणारे पॉलिमर गुंडाळून सिंगल-वॉल ट्यूब पाण्यात उतरवल्या. त्याच कामात त्यांनी हेही दाखवलं की द्रावक बदलला की गुंडाळी सुटते. गुंडाळलेला पॉलिमर सुटला तर ती चूक नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. पण 'जोडला' म्हणून लिहिलेला पॉलिमर धुतल्यावर निघून गेला, तर तुमचा निष्कर्ष चुकीचा आहे.

आता माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो.

पीएचडीचं दुसरं वर्ष. ॲसिडमध्ये ऑक्सिडाइझ केलेल्या मल्टिवॉल (अनेक भिंतींच्या) ट्यूब घेतल्या (ॲसिडमुळे त्यांच्यावर कार्बॉक्सिल गट येतात), कार्बॉक्सिलचं ॲसिड क्लोराइड करायला थायोनिल क्लोराइडमध्ये रिफ्लक्स केल्या, म्हणजे उकळत ठेवल्या, मग टोकाला अमाइन (नायट्रोजनचा गट) असलेलं पेग, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा पॉलिमर, घालून डीएमएफ या द्रावकात शंभर अंशांच्या वर दोन दिवस ठेवल्या. गाळलं, वरून थोडं डीएमएफ आणि थोडं इथेनॉल ओतलं, रात्रभर ६० अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवलं. आयआर, म्हणजे इन्फ्रारेड वर्णपट, काढला. १६६० च्या आसपास सुरेख पीक, म्हणजे अमाइड, अमाइन ॲसिडला जोडल्याचा बंध. ११०० ला रुंद पीक, म्हणजे पेगचा ईथर. टीजीएमध्ये (सँपल तापवत वजन मोजण्याची चाचणी) ४०० अंशांपर्यंत वजन छान घटलेलं. माझा आनंद गगनात मावेना. परिषदेसाठी पोस्टर तयार केलं.

ते छापायला टाकायच्या आदल्या आठवड्यात लॅबमधल्या एका सिनियर ताईने पाहिलं आणि विचारलं, "कंट्रोल कुठाय?" कंट्रोल म्हणजे जोडणी होऊच शकणार नाही असा तुलनेचा सँपल. माझ्याकडे नव्हता. तिने मला शेजारी बसवून करायला लावला. कोऱ्या ट्यूब घेतल्या, ज्यांना ॲसिड लागलेलंच नाही. थायोनिल क्लोराइड नाही. बाकी तेच पेग, तेच डीएमएफ, तेच तापमान, तेच दोन दिवस, आणि मी केलं होतं तेवढंच धुणं. आयआरमध्ये तेच दोन पीक आले. टीजीएची रेघही जवळपास तशीच.

कारण साधं होतं. डीएमएफ स्वतःच अमाइड आहे. त्याचा कार्बोनिल १६७० च्या आसपास दिसतो. तो उकळतो १५३ अंशांना, आणि ट्यूबच्या जुडग्यांत अडकला की ६० अंशांच्या ओव्हनला दाद देत नाही. ११०० चा पीक खरोखर पेगचाच होता, पण ते पेग ट्यूबना नुसतं चिकटलेलं होतं. मी जे पाहिलं ते सगळं खरं होतं, पण मी त्याचा जो अर्थ लावला तो तेवढा खोटा होता. पुढे उलगडलं की माझं डीएमएफही जुनं होतं, कित्येक महिने उघडझाप झालेली बाटली. त्यात ओलावा शिरतो आणि डीएमएफ हळूहळू मोडून डायमेथिलअमाइन तयार होतं. ओलावा ॲसिड क्लोराइडला परत ॲसिड करतो, आणि डायमेथिलअमाइन पेगच्या आधी जाऊन जागा अडवतं. पोस्टर मागे घेतलं. चार महिन्यांचं काम पहिल्यापासून करावं लागलं.

तेव्हापासून मी असं धुतो. फिल्टरवरच्या गाळावर वरून द्रावक ओतणं म्हणजे धुणं नव्हे. द्रावक गाळाला पडलेल्या भेगांतून खाली जातो, आतला भाग तसाच राहतो. गाळ मेम्ब्रेनवरून, म्हणजे गाळायच्या पातळ पडद्यावरून, खरवडून काढायचा, ताज्या द्रावकात टाकायचा, बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या टाकीत) पाच मिनिटं ठेवायचा आणि परत गाळायचा. असं किमान पाच वेळा. पेगसाठी मी आधी कोमट पाणी आणि शेवटी इथेनॉल वापरतो. शेवटच्या धुण्याचं गाळलेलं पाणी मी कधीच लगेच फेकत नाही. त्याचा एक थेंब वॉच ग्लासवर ठेवून हॉटप्लेटवर सुकवतो आणि काच तिरपी धरून बघतो. कडेला मेणचट पांढुरकं वर्तुळ उमटलं की अजून पेग येतंय, परत धुवा. काच स्वच्छ राहिली तरच पुढे जा. याला वेळ लागतो, दिवस जातो. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी या विषयात पडू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि कंट्रोल सँपल मुख्य सँपलच्या शेजारी, त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या द्रावकाने. नंतर करू म्हटलं की तो राहतो.

दुसरी चूक यापेक्षा लपलेली आहे आणि ती चांगल्या लॅबमध्येही होते. सल्फ्युरिक आणि नायट्रिक ॲसिड तीनास एक प्रमाणात घेऊन ट्यूब त्यात सोनिकेट करायच्या, ही कृती सगळे डोळे झाकून वापरतात. पण १९९८ मध्ये स्मॉली यांच्या गटाने हे मिश्रण वापरलं ते ट्यूब कापायला! २४ तासांत त्यांना १०० ते ३०० नॅनोमीटरचे तुकडे मिळाले. त्यांना तेच हवे होते. तुम्हाला लांब ट्यूब हव्या असतील आणि तुम्हीही २४ तास सोनिकेट करत असाल, तर पुढे कंपोझिटची (ट्यूब मिसळलेल्या पॉलिमरची) वाहकता का पडली याचं उत्तर इथेच आहे.

आणि लांबीइतकाच त्रास कचऱ्याचा होतो. ॲसिड ट्यूबच्या भिंतीचे आणि सोबतच्या अमॉर्फस (ठरावीक रचना नसलेल्या) कार्बनचे बारीक, कार्बॉक्सिलने भरलेले तुकडे करतं. हे तुकडे ट्यूबवर चिकटून बसतात. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सिंगल-वॉल ट्यूबवर दाखवलं की आपण ज्याला 'ट्यूबवरचे कार्बॉक्सिल' म्हणतो त्यातले बरेचसे या तुकड्यांवर असतात. म्हणजे तुम्ही पॉलिमर जोडता तो कचऱ्याला, आणि पुढे कधीतरी तो कचऱ्यासकट निघून जातो. उपाय जुना आणि स्वस्त आहे: पाण्याने न्यूट्रल होईपर्यंत धुतल्यावर विरल सोडियम हायड्रॉक्साइडने धुवा. पहिल्यांदा करणाऱ्याला धक्का बसतो, कारण आतापर्यंत स्वच्छ येणारं गाळलेलं पाणी एकदम चहासारखं तपकिरी येतं. ते तुकडेच आहेत. रंग जाईपर्यंत धुवा, मग विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडने कार्बॉक्सिल परत मूळ रूपात आणा, मग पुन्हा पाणी. यानंतर कार्बॉक्सिलची मोजणी घटते आणि विद्यार्थी नाराज होतात. घटू द्या. उरलेले खरोखर ट्यूबवर आहेत.

(ॲसिड विरल करताना ते गार पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नको. बारावीत शिकलेलं असतं, तरी घाईत विसरतात.)

सोनिकेशनबद्दल थोडं. 'अजून अर्धा तास लावू' ही सवय सोडा. प्रोब, म्हणजे द्रावणात बुडवायची सोनिकेटरची दांडी, ट्यूब तोडतो आणि पॉलिमरच्या साखळ्याही तोडतो. जितकी साखळी लांब तितकी ती लवकर तुटते, आणि बहुधा मध्यावर. महागडा, मोठ्या रेणुभाराचा पॉलिमर आणून तासभर प्रोब लावला तर बाटलीवरचा रेणुभार आता खरा राहिलेला नाही. प्रोबच्या टोकाचं टायटॅनियमही झिजून सँपलमध्ये येतं. माझी पद्धत: बर्फात भांडं, थांबत थांबत पल्स, आणि दर काही मिनिटांनी एक थेंब स्लाइडवर घेऊन साध्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. गुठळ्या दिसेनाशा झाल्या की थांबायचं. नंतर सेंट्रिफ्यूज करायचं आणि वरचंच घ्यायचं.

काळं दिसतंय म्हणजे विखुरलंय असं नाही. जाड जुडगेही पाण्यात तासन्तास काळे तरंगतात. सिंगल-वॉल असतील तर यूव्ही-व्हिस-एनआयआर (प्रकाश शोषणाचा वर्णपट) काढा. ट्यूब सुट्या झाल्या असतील तर टोकदार पीक दिसतात, जुडगे असतील तर ते रुंद होऊन पसरतात.

पॉलिमर जास्त घातला की जास्त चांगलं, हेही चूक. द्रावणात मोकळा पॉलिमर फार झाला तर डिप्लीशनमुळे, म्हणजे दोन ट्यूबमधल्या फटीत पॉलिमर मावत नाही आणि बाहेरून दाब पडतो म्हणून, ट्यूब उलट एकत्र ढकलल्या जातात आणि गाळ खाली बसतो. असं झालं तर आणखी घालू नका, कमी करून बघा.

रामन वर्णपटात डी (दोषांच्या) आणि जी (ग्राफाइटसारख्या कार्बनच्या) पीकचं गुणोत्तर वाढलं म्हणजे पॉलिमर लागला असं लिहिलेले अहवाल मी अजून वाचतो. ते गुणोत्तर भिंतीतले दोष सांगतं, पॉलिमर नाही. नुसतं गुंडाळलं असेल तर ते फारसं हलायलाच नको. हललं तर सोनिकेशन जास्त झालंय. आणि एकाच जागेवर मोजू नका, पाच-सहा जागा घ्या.

टीजीए पॉलिमरसाठी नायट्रोजनमध्ये चालवा, आणि पॉलिमर न लावलेल्या ऑक्सिडाइझ्ड ट्यूबची घट वजा करा, कार्बॉक्सिलही उष्णतेने सुटून जातात.

कार्बॉक्सिल आणि अमाइन जोडायला ईडीसी हे रसायन वापरताय? ट्रिस बफर नको, त्यातच अमाइन आहे. ॲक्टिव्हेशन एमईएस बफरमध्ये, किंचित आम्ल बाजूला.

डीएमएफ गाळताना सेल्युलोज ॲसिटेट किंवा नायट्रेटची मेम्ब्रेन लावू नका, ती विरघळते आणि तुमच्या सँपलमध्ये दुसराच पॉलिमर येतो. पीटीएफईची (टेफ्लॉनची) घ्या. पाण्यासाठी ती आधी इथेनॉलने भिजवा.

वाहकता हवी असेल तर बंध जोडायच्या आधी दोनदा विचार करा. २००२ मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या गटाने अरबी डिंकाने, म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकाने, सिंगल-वॉल ट्यूब पाण्यात सुट्या केल्या. ॲसिड नाही, भिंतीला धक्का नाही. अनेक कामांना एवढं पुरतं, पण सोपं म्हणून मुलं त्याला कमी लेखतात.

धुवून झाल्यावर ट्यूब उगाच कोरड्या करू नका. एकदा कोरड्या झाल्या की परत जुडगे होतात आणि पुन्हा सोनिकेट करावं लागतं. ओला गाळ घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, थोडा भाग वाळवून घन पदार्थ किती ते मोजा आणि तो आकडा बाटलीवर लिहा.

आणि कोरडी पावडर वजन करायची वेळ आलीच, तर उघड्या टेबलावर, पंख्याखाली नको. स्थिर विद्युतमुळे ती स्पॅच्युलावरून उडते, ग्लोव्हजना चिकटते, हवेत राहते. २००८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात लांब, ताठ मल्टिवॉल ट्यूबनी ॲस्बेस्टॉससारखा परिणाम दाखवला, आणि मल्टिवॉलचा एमडब्ल्यूसीएनटी-७ हा प्रकार आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्यांत, टाकला आहे. हुडमध्ये (हवा ओढून घेणाऱ्या कपाटात) किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये मोजा, मास्क एन-९५ किंवा त्याहून चांगला, आणि मोजल्याबरोबर तिथेच द्रावकात भिजवा. सांडलेलं झाडू नका, ओल्या टिश्यूने पुसा, आणि तो टिश्यू पिशवीत बंद करून वेगळ्या कचऱ्यात टाका. लॅब झाडायला येणाऱ्या मावशींना कुणी मास्क दिलेला नसतो.